फिरती खाट

सर्व माणसे समान आहेत हे मान्य करायला कोणाचीच हरकत नसते. अडचण येते ती खाटा मोजताना. सन १९७१ मध्ये पाथर्डीच्या पूर्वेकडच्या चोवीस गावांना मिळून एक खाट मंजूर झाली. शहरातल्या दवाखान्यात तेव्हा साठ खाटा होत्या. पण त्या आधीच मांडून झाल्या असल्याने त्यांना समतेची गरज नव्हती.

आमच्या आरोग्य समता समितीने (चिटणीस: मी) विहिरीच्या पाण्याला लावतात तशी खाटेला पाळी लावली. प्रत्येक गावाला आठ दिवस. नववा दिवस उजाडला की खाट, औषधाची पेटी आणि नर्स दीनाबाई असा सगळा संसार बैलगाडीतून पुढच्या गावी. लोकांना हे चटकन पटले. एका गावी तर सगळेच ठणठणीत निघाले, तेव्हा पाळी फुकट जाऊ नये म्हणून सरपंच श्रीमंतराव स्वतः आठ दिवस पडून राहिले. (त्यांना दोनदा एनिमा देण्यात आला. तक्रार नाही.)

बोरखडीच्या गोजरबाईला मात्र शिस्त नव्हती. गावात खाट आली त्याच दिवशी तिला मुदतीचा ताप भरला, आणि तो एकवीस दिवसांचा. आठव्या दिवशी तिचा नवरा सहादेव टोपी हातात घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

“सायेब, तापाचं अजून तेरा दिस ऱ्हायल्यात. गोळ्या बंद झाल्या तर ती वाचायची न्हाई.”

बोरखडीची पुढची पाळी एकशे चौऱ्याऐंशी दिवसांनी आहे, हे मी त्याला प्रेमाने समजावले. तोवर ताप राखून ठेवता आला तर समितीची काहीच हरकत नव्हती.

पुढचे गाव ढाकवाडी. तिथले झाडून सगळे ऊसतोडीला गेलेले. मागे राहिलेली एकटी झुंबरबाई खाटेवर चढेना. “उंचावर भवंड येती, गरगरतं,” म्हणाली. त्यामुळे खाट चावडीत आठ दिवस रिकामी उभी राहिली. पण ढाकवाडीवर अन्याय झाला, असे कोणी म्हणू शकणार नाही.

सहादेवने बायकोला पाठीवर घेऊन दोन कोस चालत तिथे आणले. नियमानुसार परगावच्या रुग्णाला खाटेवर बंदी होती, आणि औषध फक्त खाटेवरच्या रुग्णाला. खाटेखाली झोपायला मात्र बंदी नव्हती. (ही चूक माझी.) गोजरबाई खाली झोपली. आणि ज्या दीनाबाईंच्या हातून बारा वर्षांत औषधाचा थेंब सांडला नव्हता, त्यांच्या हातून रोज ठरल्या वेळी चार गोळ्या खाली पडू लागल्या. पाण्याचा तांब्याही नेमका तेव्हाच खाली ठेवला जाई.

त्यापुढच्या गावी खाटेवर रीतसर रुग्ण होता, तरी खाली गोजरबाई होतीच आणि दीनाबाईंच्या हातून गोळ्याही तशाच पडत होत्या. बाविसाव्या दिवशी गोजरबाई आपल्या पायांनी घरी गेली. खरे सांगतो, मलाही बरे वाटले. समितीने हे समतेचे यश म्हणून नोंदवले आणि गोळ्यांच्या गळतीबद्दल दीनाबाईंची चौकशी लावली.

“काही सांगायचं आहे?” मी विचारले.

“सांगायचं नाही, साहेब, विचारायचंय. शहरातल्या साठ खाटांना पाळी का नाही लावली?”

प्रश्न विषयाला सोडून होता, म्हणून कामकाजात घेतला नाही. पण वाचकांपासून काय लपवायचे? त्या खाटा रिकाम्या सापडत नाहीत. त्यांवर तुम्ही आहात. उठू नका, उगाच घोटाळा होईल. फक्त हातातले काही सांडणार नाही एवढे जपा. खाली कोणीतरी असते.