फेटेवाल्याचा दुसरा भाग

सिनेमाचा दुसरा भाग म्हणजे शिळ्या कढीला ऊत, हे वैशाखरे गावात देवजीइतकं छातीठोक कुणी सांगत नसे. उभ्या जन्मात त्यानं सिनेमा पाहिला होता एकच, पण त्यावर वर्षभर गाव हालवून सोडलं होतं!

झालं होतं असं. अडतीस साली म्हसा गावच्या जत्रेत तंबूतला बोलपट आला. त्यातला फेटेवाला शूर गडी शेवटी घोड्यावरून थेट दरीत कोसळला, आणि दिवे लागले! "उरलेलं पुढल्या जत्रेत!" तंबूवाला ओरडला. बायका ढसाढसा रडल्या. देवजीच्या बायकोनं, बाईजानं, तर तिथंच पदर पसरला. "गावदेवी, ह्या लेकराला जिता ठेव गो बाय! पुढल्या भागात जिता दिसला, तर आमचा तांबडा कोंबडा तुला वाहीन!"

देवजीनं तिचा पदरच मागं ओढला. तांबड्या म्हणजे त्याचा जीव! खांद्यावर बसून शेतावर यायचा, त्याच्या ताटात जेवायचा.

"आगो, तो सिनेमातला गडी! त्याला कसला नवस?"

"रडून तुमचंच मुंडासं भिजलं व्हतं. आता माघार नाय!"

बोललेला नवस फिरवायचा नाही, ही रीत. आता देवजीची सगळी मदार दुसऱ्या भागावर. जुनंच दाखवतील, गडी पुन्हा पडेल, मरेल, की कोंबडा सुटला!

"नवीन काय तरी असंलच रे," शेजारचा यमाजी डिवचायचा. "नायतर लोकं कशाला जातील?"

"नवीन? तोच घोडा, तीच दरी! मी सांगतो ना!"

वर्ष सरलं. पुन्हा जत्रा, पुन्हा तंबू. तांबड्याला घरी ठेवायला देवजीचा धीर होईना, म्हणून तो त्याला घोंगडीत लपवून घेऊन आला. सिनेमा सुरू झाला, आणि पहिल्याच झटक्याला तोच घोडा, तीच दरी, तीच आरोळी! देवजी उठून नाचायलाच लागला.

"बघ यमाजी, जुनीच गोष्ट! मेला रे मेला!"

"खाली बस मेल्या!" मागच्यानं त्याचं मुंडासं खेचलं.

गडी दरीत निपचित पडलेला. एवढ्यात पडद्यावर सूर्य उगवला, लख्ख उजेड पडला. तांबड्याला वाटलं, उजाडलं! घोंगडीतून मान काढून त्यानं अशी बांग ठोकली की अख्खा तंबू दचकला. आणि नेमकं तेव्हाच पडद्यावरच्या गड्यानं डोळे उघडले!

"आमच्या कोंबड्यानंच उठवला गो त्याला!" बाईजा ओरडली. बायकांनी जत्रेत घेतलेल्या कुंकवाच्या पुड्या सोडून तांबड्याला तिथंच टिळा लावला. देवजीनं घाईघाईनं त्याला पुन्हा घोंगडीत कोंबलं.

पुढं मारामाऱ्या झाल्या, लग्न ठरलं, आणि शेवटी तोच गडी त्याच घोड्यावरून नदीत कोसळला. दिवे लागले. "उरलेलं पुढल्या जत्रेत!" बाईजाचं तोंड दाबायला देवजी धावला, पण उशीर झाला होता.

"गावदेवी, ह्या बारीलापण वाचव! आमचा पांढरा कोंबडा तुझाच गो बाय!"

दुसऱ्या दिवशी नवस फिटला. पंगत बसली. "मला तुकडा नको," देवजी नाक ओढत म्हणाला, "नुसता रस्सा वाढ."

यमाजी तंगडी चोखत म्हणाला, "मग काय देवजी, गोष्ट नवी निघाली का जुनी?"

"जुनीच रे बाबा!" देवजीनं डोळे पुसले. "नवा लागतो तो कोंबडा!"