जीव टेनेसीत असल्याबाबत

माणसाचं घर नेमकं कुठे आहे, हा प्रश्न इतका गंभीर आहे की तो ज्याच्या त्याच्यावर सोडून चालत नाही. म्हणून आमच्याकडे कर खातं आहे.

मी लेन, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा. नोकरीसाठी टेनेसीत, नॅशविलला गेलो. टेनेसी पगारावर कर घेत नाही. न्यूयॉर्क घेतं, आणि अगदी मनापासून घेतं. नुसतं राज्य सोडून भागत नाही. जुन्या राज्यातून तुमचा जीवही निघालाय, हे सिद्ध करावं लागतं. जीव दिसत नाही (ही खात्याची अडचण आपण समजून घेतली पाहिजे), म्हणून ते जिवाभावाच्या गोष्टी कुठे आहेत ते बघतात.

मी पडलो आज्ञाधारक. वडिलांचा मासे धरायचा गळ, बोलिंगचा चषक, लग्नाचा फोटो आणि आमचा कुत्रा मॉर्टी, सगळं नॅशविलला हलवलं. (कुत्र्याला खात्यात फार मान आहे. माणूस खोटं बोलेल, पण कुत्र्याला परक्या घरी ठेवणार नाही, असं शास्त्र आहे.) बर्फ उपसायचं फावडंसुद्धा नेलं. तिकडे बर्फ कुठला? भिंतीवर टांगलं. बायको, डोरीन, बफेलोतच राहिली. तिची शाळेतली नोकरी तिथे होती, आणि गाडीत जागाही उरली नव्हती.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी मी मॉर्टीला घेऊन घरी आलो. ('घरी' हा शब्द चुकून पडला, खात्याने दुर्लक्ष करावं.) स्वयंपाकघरात डोरीनबरोबर बटाटे सोलत होतो, तेवढ्यात तपासनीस पिंटरबाईंचा फोन आला. हात ओले, म्हणून स्पीकरवर घेतला.

"कागदपत्रं छान आहेत तुमची. पण बायको कुठे राहते?"

"बफेलोत. पण त्याचं काय आहे…"

"अहो, मग घर बफेलोतच की!"

वर्षभराचा खटाटोप पाण्यात जातोय म्हटल्यावर मी पेटलो. म्हणालो, "बाई, जिवाभावाच्या गोष्टींची यादी दिलीय ना मी? त्यात बायको आहे का?"

मुद्दा बिनतोड होता. डोरीनने सुरी खाली ठेवली.

"फोन दे इकडे. बाई, मी याची बायको. लिहून घ्या, हा इथला नाही. मीठ कुठे असतं ते मला विचारतो. पाहुणा आहे हा."

"नक्की?"

"अहो, लग्नाचा फोटो नेला यानं. मला एका शब्दाने विचारलं नाही, तू येतेस का म्हणून."

मग पिंटरबाई हळूच म्हणाल्या, "एवढं पुरे, बाई."

प्रकरण माझ्या बाजूने निकाली निघालं. त्याच क्षणी डोरीनला विचारावं असं फार वाटलं, येतेस का म्हणून. पण नुकतं मिटलेलं प्रकरण उगाच पुन्हा उघडायला नको, म्हणून गप्प बसलो. बटाटे सोलले.

संध्याकाळी आंघोळीला निघालो, तर तिने कपाटाच्या वरच्या फळीवरचा टॉवेल काढून दिला. कडक इस्त्रीचा, फुलं भरलेला. या घरातल्या कुणी त्याने कधी अंग पुसलेलं नाही. न्हाणीघरात दार लावून मी रडलो, अगदी हुंदके देऊन. डोळे मात्र बाहीने पुसले. टॉवेल खराब करायचा धीर होईना.

हसा, हसा. तुम्हीही नोकरीसाठीच बाहेर पडला असाल. आता गावी जाल, तेव्हा हातात टॉवेल कुठला येतो, तेवढं बघा.