ओव्हाळ टीसींच्या अंगातली माणसं

ओव्हाळ टीसींनी पहिल्याच भेटीत मला "या, बसा" म्हटलं आणि मी चमकून मागं पाहिलं. कारण ते माझ्या वडिलांच्या आवाजात बोलले होते. नुसता आवाज असता तर एक वेळ चाललं असतं. पण दाराच्या चौकटीला डावा खांदा टेकवलेला, मान जराशी खाली, बोलायच्या आधी नाकातून सोडलेली एक बारीक फुंकर, सगळं हुबेहूब आमचे आबा. आबा त्या वेळी तिकडं गावी, न्हावऱ्यात, कांद्याच्या वाफ्यात उभे असणार. ओव्हाळांनी त्यांना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

मी तिथूनच मागं फिरणार होतो.

"भिऊ नका," ते आता निराळ्याच, कोरड्या आवाजात म्हणाले. "हे तुम्हीच घेऊन आलात. दारातून शिरताना डावा खांदा आधी घातलात. तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराचा असा खांदा नसतो. हा कुनाचा तरी उचललेला हाय. वडलांचा?"

"व्हय. बैलगाडीखाली सापडला होता त्यांचा खांदा."

"आवाज मातर अंदाजानं लावला," ते म्हणाले आणि भाजी छान जमलेल्या बाईसारखे समाधानाने खुर्चीत बसले.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मी शिरूर तालुक्यातल्या एका दूध डेअरीत नोकरीला होतो, आणि वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी डेन्मार्कला जायला माझं नाव निघालं होतं. माझ्या आधी गेलेला गडी दोन महिन्यांत परत आला होता. दुधातलं त्याला सगळं येत होतं, माणसांतलं येत नव्हतं. तिकडची माणसं जेवताना गप्प बसतात, म्हणजे ती आपल्यावर रागावलीत, असं त्याने धरून घेतलं आणि खोलीचं दार लावलं, ते विमानाच्या दिवशीच उघडलं. आमच्या मॅनेजरांनी त्याचा धसका घेतला होता. "तूही असाच आलास, तर आपल्या डेअरीतून पुन्हा कुणाला बोलावणं यायचं नाही," असं म्हणून त्यांनी मला दौंडचा एक पत्ता दिला. "म्हातारा चमत्कारिक आहे. पण माणसं शिकवतो."

ओव्हाळांनी तीस वर्षं दौंड जंक्शनवर तिकिटं तपासली होती. मद्रासकडची गाडी, सोलापूरकडची गाडी, मनमाडकडून येणारी गाडी. "अख्खा देश माझ्यापुढं खिसे चाचपत उभा ऱ्हायलाय," ते सांगत. "आन् खिसे चाचपताना मानूस लपत न्हाई." रिटायर झाल्यावर त्यांनी लोको शेडच्या मागच्या आपल्या दोन खोल्यांत शिकवणी सुरू केली. लांबच्या मुलखात नर्सिंगला निघालेल्या मुली, फौजेत भरती झालेली पोरं, आखातात निघालेले वेल्डर, सगळे तिथं येत. ज्या मुलखात जायचं, तिथला माणूस ओव्हाळ समोर बसवत. म्हणजे स्वतःच तो होऊन बसत. "आधी मानूस आत घ्या," हे त्यांचं पालुपद. "मग तोंड उघडा."

गल्लीत मात्र उलटंच बोललं जाई. टीसींच्या अंगात येतं, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. समोरच्या बाईने आपल्या दाराऐवजी थेट ओव्हाळांच्याच दाराला लिंबू-मिरची बांधली होती. ते रोज सकाळी ती सोडत, तिच्या हातात नेऊन देत आणि म्हणत, "बाई, मी दीक्षा घेतलेला मानूस. माझ्या दाराला लिंबू?" हे ते नेमकं त्याच बाईच्या आवाजात म्हणत. त्यामुळे दुसऱ्या दिवशी लिंबू जरा मोठं असे.

पहिल्या दिवशी त्यांनी पाण्याचा पेला पुढं केला. मी मराठ्याचं पोर. आमच्या गावात बौद्धवाडा ओढ्यापलीकडं. तिथं मी मतं मागायला गेलो होतो, पाणी प्यायला कधी नाही. मी हात पुढं केला. माझ्या मते, लगेच.

ओव्हाळांनी पेला खाली ठेवला आणि माझा हात मला करून दाखवला. हात निघाला. वीतभर अलीकडं थबकला. बोटं एकदा मिटली, उघडली. मग तोंडावर हसू आलं आणि हात पुढं गेला. तो हात त्यांचा होता, सुरकुतलेला, पण मला तो माझ्याच मनगटापासून तुटून तिकडं गेल्यासारखा वाटला.

"डेन्मार्क लांब हाय," ते म्हणाले. "आधी ओढा वलांडा."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "पुन्यांदा," एवढंच म्हणाले. त्या दुपारी मी सात पेले प्यायलो. सातव्या पेल्यात नुसतं पाणी होतं.

डेन्मार्कची माणसं त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती. कुठंतरी गाडी घसरली म्हणून एक गोरं जोडपं दौंडच्या वेटिंग रूममध्ये चार तास अडकलं होतं. "चार तास बास झाले," ओव्हाळ म्हणत. मग ते टेबलाच्या पलीकडं बसत आणि गप्प होत. बघता बघता त्यांचा चेहरा निवत जाई. गालाची हाडं वर आल्यासारखी वाटत, डोळे फिके होत. हे कसं होई, ते मला आजही सांगता येणार नाही. मी समोर बसून घाम पुसायचो. बाहेर इंजिनं वाफ सोडत, आणि आत कुणीतरी परकी बाई हाताच्या कडेने टेबलावरचे नसलेले पावाचे कण गोळा करत असे, सावकाश, एका रेषेत.

"मी रागावलीय का?" ते मध्येच विचारत.

"व्हय," मी म्हणायचो.

"न्हाई. मी फक्त गप हाय. पुन्यांदा."

पुढं खरोखर डेन्मार्कात एका शेतकऱ्याच्या घरी जेवताना तशीच शांतता पसरली आणि घरच्या बाईने हाताच्या कडेने पावाचे कण सावकाश एका रेषेत ओढले, तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण मी खोलीत पळालो नाही. मीही गप्प बसलो. वर्षभर राहिलो, काम शिकलो, आणि माझ्यानंतर आमच्या डेअरीतून आणखी दोघं गेले. मला सांगायचं आहे ते मात्र मी निघण्यापूर्वीचं.

जायला पंधरा दिवस उरले होते. एस.टी. लवकर मिळाली म्हणून मी त्या दिवशी ठरल्या वेळेआधीच ओव्हाळांकडं पोचलो. दार लोटलेलं होतं. आतून बाईचा आवाज आला.

"आवं, ऐकलं का? लुगडं वाळलं आसंल. काढा की."

"काढतो," ओव्हाळ म्हणाले.

"मगापास्नं काढतोच म्हंताय." मग एक खोकला, कोरडा, छातीतून आलेला.

मी उंबऱ्यावरच थिजलो. ओव्हाळांची बायको वारून तीन वर्षं झाली होती. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी तिचा फोटो मी रोज पाहत होतो. परसातल्या दोरीवर खरंच एक हिरवं लुगडं वाळत होतं. धुतलेलं, चापून पिळलेलं. ओव्हाळ बाहेर आले, त्यांनी ते काढलं, नीट घडी घातली, आणि वळून पाहतात तो मी.

ते दचकले नाहीत. घडी छातीशी धरून म्हणाले, "सोनी. माझी मंडळी. बोलनं येतं, खोकला येतो, भांडन तर लई येतं." मग जरा थांबले. "हसू येत न्हाई."

"म्हंजी?"

"चारशे मानसांचं हसू येतं मला. मद्राशाचं, पंजाब्याचं, त्या समोरच्या लिंबूवाल्या बाईचं. सोनीचं येत न्हाई. मी कवा बघितलंच न्हाई. ड्युटीवरनं यायचो न् तोंड पेपरात. ती आत हसायची, भैनीसंगं, शेजारनीसंगं. घरच्या मानसाचं तिकीट कोन तपासतंय?"

मी म्हणालो, "त्यांची बहीण हाय ना अजून?"

थोरली बहीण यवतला होती. दोघींचं हसू इतकं सारखं, की आतल्या खोलीतून कोण हसलं ते त्यांच्या आईलाही कळत नसे. पण अक्का तीन वर्षांत या घराची पायरी चढल्या नव्हत्या. कारण ओव्हाळांनीच सांगितलं. सोनाबाई गेल्यावर माणसं जमली होती. अक्का कोपऱ्यात चहा हातात धरून नुसत्याच बसल्या होत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून ओव्हाळ दारातून बायकोच्या आवाजात म्हणाले, "अक्के, निवतोय की चहा." कप फुटला. अक्का किंचाळत ज्या बाहेर पडल्या, त्या परत आल्या नाहीत.

"मला वाटलं, तिला बरं वाटंल," ते म्हणाले. हे मात्र ते कुणाच्या आवाजात म्हणाले, ते मला ओळखता आलं नाही.

"चला, यवतला जाऊ," मी म्हणालो.

"कोन होऊन जाऊ?"

"कोन होऊन म्हंजी? तुम्हीच."

यावर ते बराच वेळ गप्प बसले. आणि हे गप्प बसणं डेन्मार्कचं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. अख्ख्या प्रवासात ओव्हाळ तोंडं करून बघत होते. एक पश्चात्तापाचं, एक पाव्हण्याचं, एक सरपंचांकडं अर्ज घेऊन गेलेल्या माणसाचं. "हे बरं हाय का?" दर स्टेशनाला विचारत. समोरच्या बाकावरची म्हातारी पाटसलाच उठून दुसऱ्या डब्यात गेली.

अक्का ओट्यावर सुपात हरभरे निवडत बसल्या होत्या. ठेंगण्या, कपाळ रुंद. आम्हाला पाहून त्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि पदर गच्च आवळून घेतला. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती.

"दाजी," त्या म्हणाल्या, "आज कुनाला घिऊन आलाय? आत कोन हाय?"

ओव्हाळांनी तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही. ओठ हलत होते, मानेची शीर तटतटली होती, डोळे ताणले होते. एक क्षण मलाही वाटलं, गल्लीतल्या बायका म्हणतात तेच खरं. आत कुणीतरी आहे आणि ते बाहेर येण्यासाठी धडपडतंय. मग गंजलेली कडी निघावी तसा एक आवाज निघाला. मी तो आधी कधी ऐकला नव्हता. बारीक, घोगरा.

"अ... अ... अक्का. म... मी... मीच हाय."

ओव्हाळ तोतरे होते. तीस वर्षं जंक्शनवर खणखणीत आवाजात तिकीट मागणारा माणूस स्वतःच्या आवाजात तोतरा होता. बाकी सगळ्यांचे आवाज त्यांना सरळ येत. स्वतःचाच तेवढा येत नव्हता; माझ्याशी रोज बोलायचे तो कोरडा आवाजही उसनाच होता.

अक्का त्यांच्याकडं बघतच राहिल्या. आवळलेला पदर हळूहळू सुटला.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "हे दाजी व्हय! किती वर्सांनी." मग माझ्याकडं वळल्या. "सोनीला बघाया आले, तवा असंच. आमच्या बानं नाव इचारलं. ह्ये आपलं वि... वि... वि... चहा आला, निवला, आईनं दुसऱ्यांदा उकळून आनला, तरी ठ्ठल काय येईना! सोनी दाराआडनं म्हनाली, 'अक्के, ऱ्हायलेलं नाव मी सांगू का त्यास्नी?'"

आणि त्या हसल्या. आधी एक खोल श्वास आत गेला, मग उचक्यांसारखे तीन-चार लहान झटके, आणि शेवटी एक लांब, पाझरत गेलेला "आई गंऽऽ". सूप कलंडलं. हरभरे ओट्यावरून खाली टपटपले.

मी ओव्हाळांकडं पाहिलं. ते ओट्याच्या कडेला बसले होते, डोळे मिटून. त्यांचे ओठ हलायला लागले. छाती भरली, खांदे किंचित वर आले. मला ते लक्षण पक्कं ठाऊक होतं. पण त्यांनी पटकन तळवा उचलून स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला, आणि अक्कांचं हसू पार संपेपर्यंत काढला नाही. बोटांच्या फटींतून पाणी मिशांपर्यंत ओघळलं.

अक्कांनी जेवू घातलं. सोनाबाईच्या लहानपणच्या चार गोष्टी सांगितल्या, आणखी दोनदा हसल्या. निघताना म्हणाल्या, "येत जावा दाजी. पर असंच या."

परतीच्या गाडीत मला राहवेना. मी विचारलं, "आता येतंय का हो हसू? दाखवा की."

त्यांनी मान हलवली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. आजवर मी जे शिकलो होतो, त्याप्रमाणे मी गप्प राहून वाट पाहिली.

"आत घेतलं, तर त... ते माझं हुईल," ते म्हणाले. "ति... तिचं ऱ्हानार न्हाई. तितंच असू द्या. पुढच्या ऐ... ऐतवारी जाऊन ऐकीन."

मग त्यांनी मला सोनाबाईच्या गावची वाट सांगायला सुरुवात केली, लग्नानंतर पहिल्यांदा तिला आणायला ते कसे गेले होते ती. एकेका शब्दाशी अडखळत, कधी एका अक्षरावर पूर्ण स्टेशन जाऊ देत. दौंडच्या प्लॅटफॉर्मवर गाडी उभी राहिली तेव्हा सांगण्यात ते वाटेतल्या नदीपर्यंतच पोचले होते. आम्ही उतरलो, आणि तिथल्याच एका बाकावर बसून त्यांनी ती पार केली.