बाबागाडीची पारख

गेल्या बाजाराच्या दिवशी पंजाबरावांच्या अंगणात बाबागाडी येऊन उभी राहिली, तेव्हापासून त्या घरातलं एकही माणूस बसून जेवलं नव्हतं. जो तो हातात भाकरीचा तुकडा घेऊन गाडीभोवती फेऱ्या घालत होता. मलकापूरला रेल्वेच्या कुणा इंजिनिअर साहेबाची नागपूरला बदली झाली, त्याच्या सामानाचा लिलाव झाला आणि त्यात ही गाडी अब्दुल गनी व्यापाऱ्यानं उचलली. काळं चकचकीत अंग, वर झालरीची छत्री आणि रबरी धावांची नाजूक चाकं. किमतीचं विचाराल, तर तेवढ्यात दुभती म्हैस दारात आली असती. गनीभाईचा करार मात्र सरळ होता. पुढच्या बाजारापर्यंत गाडी ठेवा, चालवून पाहा. पटली तर पैसे द्या, नाही पटली तर नेली तशी परत करा. पण ओरखडा जरी दिसला तरी गाडी तुमची.

गाडी हवी होती ती त्यांच्या बायकोला, मंजुळाबाईंना. त्यांची शेवंती दीड वर्षांची झाली होती, अंगानं लोण्याचा गोळा, पण पाय जमिनीला लावील तर शपथ. आईची कड हेच तिचं गाव. दुसऱ्या कुणी उचललं, मग तो सख्खा बाप का असेना, की ती असा टाहो फोडायची की गोठ्यातले बैल रवंथ करायचे थांबत. मंजुळाबाई एका हातानं भाकरी थापत, एका हातानं पाणी भरत, आणि संध्याकाळी पाठ भिंतीला टेकून बसत.

तेही त्यांनी सोसलं असतं, पण उन्हाळा आला. उन्हाळ्यात धामणगावच्या बाया घरोघर जमून सरगुंडे करतात. कणकेचा बारीक दोरा काडीवर गुंडाळायचा, अलगद काढायचा, वाळवायचा. आमरसाबरोबर जावयाला वाढायचा. या कामात मंजुळाबाईंचा हात धरणारी बाई साऱ्या गावात नव्हती. मागल्या वर्षी त्या पोरीला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसल्या आणि इतरांचे बोटाएवढे जाड सरगुंडे बघून मनातल्या मनात जळल्या. यंदा शेजारच्या पुष्पाबाईंचा नवा जावई यायचा होता. पुष्पाबाईंनी आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं की तू नुसती बसायला येणार असशील तर येऊ नको.

मलकापूरच्या स्टेशनावर मंजुळाबाईंनी एक मडम पाहिली होती. लेकरू गाडीत, गाडी पायानं हलतेय आणि बाई दोन्ही हातांनी लोकर विणतेय. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यातून गाडी गेली नव्हती.

"मले गाडीची हौस नाही," त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं. "मले माहे दोन हात पायजेत."

सासूबाई तानुबाईंचं म्हणणं वेगळं होतं. चांगलं धडधाकट लेकरू गाडीत निजवून फिरवायचं हे त्यांना अशुभ वाटत होतं. गाडीत निजून जातो तो मलकापूरच्या दवाखान्यात जाणारा आजारी माणूस, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होत्या. तरी पहिल्या दिवशी मंजुळाबाईंनी धीर करून शेवंतीला गाडीत बसवलं, आणि काय नवल, पोर बसली. छत्रीच्या झालरीकडे टकामका बघत राहिली. मंजुळाबाईंचे हात एकाएकी एवढे हलके झाले की त्यांचं काय करावं हेच त्यांना सुचेना. उगाच पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. त्यांना फार बरं वाटलं. त्या मनात म्हणाल्या, झालं, ठरलं.

पण ठरवणार होते पंजाबराव. आता पंजाबराव म्हणजे साधा माणूस नव्हे. पंचक्रोशीत कुणालाही बैल घ्यायचा असला की आधी त्यांना सोबत न्यायचा. बैलाचे दात, खूर, शेपटीचा गोंडा बघून ते बैलाच्या बापाचा स्वभाव सांगत. असा माणूस बायको म्हणते म्हणून गाडी घेईल, आणि उद्या ती फसवी निघाली तर बाजारात तोंड कुठं लपवील? म्हणून त्यांनी गाडीची पारख करायचं ठरवलं. चाकं उचलून पाहिली, दांडी वाजवून पाहिली, खाली वाकून पोटाखालून हात फिरवला. गाडीनं लाथ मारली नाही एवढंच.

बातमी पारावर गेली आणि पुंजाजी, कडूबा ही त्यांची बैलबाजारातली जोडी धावत आली.

"बैल घेतो त आपन औताले जुपून पाहतो का नाही?" पुंजाजी म्हणाला. "मंग हे काऊन तसंच घ्याव?"

"पोट्टी आज एवढी हाये," कडूबानं भर घातली. "पुढच्या साली दुपटीनं होईन. तवा टिकन का गाडी?"

पंजाबरावांना हे एकदम पटलं. पटायलाच नको होतं, पण शहाण्या माणसाला शहाणपणाचं बोलणं लवकर पटतं. त्यांनी सरकीचं पोतं आणवून गाडीत ठेवलं. गाडी तग धरून राहिली. तेव्हा पुंजाजीनं शंका काढली की पोतं गप बसतं, लेकरू हालतं. म्हणून कडूबाची शेळी आणून बसवली. शेळी हालली तर नाहीच; तिनं शांतपणे मान वर केली आणि छत्रीची झालर खाल्ली.

मंजुळाबाई धावत दाराशी आल्या. त्यांनी दारातूनच कराराची आठवण करून दिली आणि आता पारख पुरे म्हणून सांगितलं. पण पंजाबरावांच्या मते शेपटीचे केस गेल्यानं बैल काही अधू होत नाही. झालर म्हणजे अंग नव्हे. मात्र शेळीच्या खुरांनी बूड कमजोर झालं की काय, हे आता बघणं आलंच. वजनानं हलकं पण हालणारं माणूस हवं होतं. सगळ्यांनी पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजी अंगानं काडी होता आणि मनातून कधीचाच तयार होता.

तो गुडघे हनुवटीला लावून गाडीत बसला. कडूबानं चावडीच्या उतारावरून गाडी लोटली. उतारावर गाडी धरायची असते हे कडूबाला सुचलं, पण गाडी हातातून सुटल्यावर. पुंजाजी "होऽ होऽ" करत बैलाला थांबवावं तसा गाडीला थांबवत गेला आणि गुरांच्या हौदावर आदळून सरळ पाण्यात पडला. आईच्या कडेवरची शेवंती टाळ्या पिटून हसली. एवढी ती जन्मात हसली नव्हती. पुंजाजी निथळत बाहेर आला तो एक चाक हातात घेऊनच. उरलेल्यांपैकी दोन वाकडी झाली होती.

बाजाराच्या दिवशी गनीभाई स्वतः घरी आला. त्यानं गाडीला एक फेरी घातली, खाल्लेली झालर पाहिली, बुडाला लागलेली सरकी पाहिली.

"पंजाबभाऊ," तो शांतपणे म्हणाला, "गाडी लेकराची होती. तुमी तिच्यात सारा गाव बसवला काय?"

पंजाबरावांनी आत जाऊन पैसे आणून दिले. बाजारात उभी हयात घालवलेला हा माणूस त्या दिवशी किमतीत घासाघीस करायलाही विसरला. अशा रीतीनं गाडी घ्यायची की नाही, याचा निकाल लागला.

मंजुळाबाई चुलीपुढे बसून रडल्या. म्हशीएवढे पैसे गेले, गाडीही गेली, आणि पुष्पाबाईंचे सरगुंडे परवावर आले. तानुबाईंनी विचारलं तर त्यांनी धुराचं नाव सांगितलं. पण चूल पेटलेलीच नव्हती, हे पंजाबरावांनी दारातून पाहिलं.  ते गाडी उचलून तडक सुताराकडे गेले आणि तिथून हबीब लोहाराकडे.

सरगुंड्यांच्या दिवशी सकाळी गाडी परत आली ती ओळखू येईना. बाभळीची चाकं, त्यांवर लोखंडी पट्ट्यांच्या धावा, चाकांमधला आस छकड्याचा असावा तसा. चालली की खडाड खडाड असा आवाज व्हायचा आणि अर्ध्या गावाला कळायचं. शेवंतीला बसवलं, तर तिला हा आवाज भारी आवडला. गाडी वाजतेय तोवर पोर खूश. थांबली की टाहो. मंजुळाबाईंनी दांडीला हात घालून जोर लावला. गाडी तसूभर हालली नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. पंजाबरावांनी आभाळाकडे पाहिलं, मग जोडे घातले.

पुष्पाबाईंच्या घरी त्या दिवशी बायांचा मेळा जमला होता. मंजुळाबाई मधोमध बसल्या होत्या, आणि त्यांच्या काडीवरून केसासारखे सरगुंडे उतरत होते. बाहेर गल्लीत खडाड खडाड आवाज वेशीपर्यंत जायचा आणि परत यायचा. आत बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. वावराचा मालक, बैलांचा पारखी, भर दिवसा पोर खेळवतोय हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. मंजुळाबाई मान वर करत नव्हत्या. हातांना किती दिवसांनी काम मिळालं होतं.

मग आवाज थांबला. मंजुळाबाईंची बोटंही थांबली. सगळ्या बाया टाहोची वाट बघत राहिल्या. टाहो येईना. शेवटी मंजुळाबाई उठून खिडकीशी गेल्या.

शेवंती बापाच्या कडेवर होती. नुसती होती असं नाही, त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. पंजाबराव एका हातानं तिला धरून, दुसऱ्या हातानं रिकामी गाडी पुढं लोटत अगदी सावकाश, आवाज न करता येत होते. समोरून कडूबा आला.

"काऊन हो, पोट्टी कडेवर अन् गाडी रिकामी?"

"गाडी तपासून राह्यलो," पंजाबराव हळूच म्हणाले. "नवा आस हाये. तू हळू बोल."

कडूबानं मान डोलावली. आस नवा असला तर तपासायलाच पाहिजे, यात त्याला काही वावगं वाटलं नाही. मंजुळाबाई आल्या पावली मागं फिरल्या.

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळ झाली की पंजाबराव पोरीला कडेवर घेत, रिकामी गाडी पुढं घालत आणि गावभर फिरून येत. कुणी विचारलंच तर कधी आस तपासायचा असे, कधी धाव. तानुबाईंनी चार दिवस हे पाहिलं आणि एका सकाळी न राहवून विषय काढला.

"लेकरू आता बापाच्या कडेवर राह्यते. मंग हे धूड अंगनात कायले पायजे? देऊन टाका लोहाराले."

पंजाबराव न्याहारी करत होते. त्यांचा घास हातातच राहिला. गाडीशिवाय पोरीला कडेवर घेऊन पारासमोरून जायचं म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलं होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"राहू द्या, आत्याबाई," मंजुळाबाई म्हणाल्या. "अजून त्याईची तपासनी कुठी झाली?"

आणि त्या दोन्ही हातांनी कणीक मळायला लागल्या.