सोनकुसरे सरांची बाजू

आमच्या शाळेत सकाळच्या प्रार्थनेला सोनकुसरे सर एक दिवस हात जोडतात आणि दुसऱ्या दिवशी पाठीमागे बांधतात. डोळेही तसेच. हात जोडले असले की मिटलेले, पाठीमागे असले की टक्क उघडे. मी या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा मला वाटलं, सरांचा खांदा दुखत असेल. मग स्टाफरूममध्ये कळलं की खांदा ठणठणीत आहे.

सर तसे इतिहास शिकवतात. पण नववीला आठवड्यातून एकदा मूल्यशिक्षणाचा तास असतो, आणि तो कुणालाच नको असायचा, म्हणून तो सरांकडे आला. बाकीच्या शाळांत या तासाला मुलं सुविचार लिहून काढतात किंवा मैदान झाडतात. सरांनी त्या तासात देवाला उभं केलं. म्हणजे, आहे की नाही, असल्यास कशावरून, आणि नसल्यास आजी रोज कुणाशी बोलते, अशा प्रश्नांसकट.

त्यांची पद्धत उलटी. वर्षाच्या सुरुवातीला ते एकेका मुलाला टेबलाजवळ बोलावतात, कानामागे हात धरून वाकतात आणि हळूच विचारतात, "मानतं का बे?" पोरगा कानात उत्तर देतो. मग वर्षभर त्याला त्याच्या उत्तराच्या विरुद्ध बोलावं लागतं. मानणाऱ्यानं 'नाही'च्या बाजूनं, न मानणाऱ्यानं 'आहे'च्या. सर म्हणतात, "आपल्या बाजूनं त कोणीबी बोलते. त्यात काय अक्कल लागते?"

माझा वर्ग शेजारी. मधली भिंत पूर्ण छतापर्यंत गेलेली नाही, त्यामुळे माझ्या व्याकरणावर सरांचा देव सारखा सांडत असतो. एकदा सर सांगत होते, "भंडाऱ्याच्या बाजारात पाणी भराचा पितळेचा गुंड दिसला, त आपण म्हणतो का, का हा आपोआप झाला? कासार असनच ना! मंग एवढी मोठी दुनिया?" मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मंग कासाराले कोणं बनवलं?"

"हरलो बा!" सर ओरडले, आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. माझ्या वर्गातल्या मुलांनीही इकडून वाजवल्या. मी तेव्हा भूतकाळ शिकवत होते.

दुसऱ्या एका तासाला ते वरठीच्या स्टेशनवर पोचले होते. "गाडी येईन का नाही, मालूम नाही. पण फलाटावर उभं राहाले काय जाते? नाही आली, त एक चक्कर वाया. आली अन आपण घरी झोपून असलो, त?" यावर एक मुलगी म्हणाली, "पण सर, फलाटं त लय असतात. कोणत्या फलाटावर उभं राहाचं?" सर इतके खूश झाले की मधल्या सुट्टीत प्रत्येकाला ते थांबवून सांगत होते. मलाही सांगितलं. मी ते भिंतीपलीकडून ऐकलेलं होतं, पण तसं म्हटलं नाही. मी सहसा म्हणत नाही.

सर स्वतः मानतात की नाही, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. आमच्या पीटीच्या गिऱ्हेपुंजे सरांनी त्यावर बराच तपास केला. "शनिवारी मारुतीच्या देवळासमोर दिसले, मॅडम! पण आत नाही गेले. बाहेर लोकाईच्या चपला सरळ लावून राह्यले होते. आता हे आस्तिकात धरायचं का नास्तिकात?" खुद्द सरांना विचारलं तर ते म्हणायचे, "दोन बाजू पायजे. आपला जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हापासून मले भांडायले निम्मेच लोक उरले. आता तुमी अजून एक बाजू कमी करता का?"

मग प्राचीचं प्रकरण झालं. प्राची शहापूरच्या एका व्यापाऱ्याची मुलगी, अतिशय श्रद्धाळू, म्हणून तिच्या वाट्याला 'नाही' आलं होतं. ती हुशार, त्यामुळे घरी मोठ्यानं पाठ करत बसली. "देव आहे तर वैनगंगेला पूर येऊन गरिबांचीच घरं का जातात? एक तर त्याला दिसत नाही, नाही तर त्याच्यानं होत नाही!" आजी तेव्हा देवासमोर वाती वळत होती. तिनं उठून आधी नातीची मीठमिरच्यांनी दृष्ट काढली, आणि मिरच्यांचा ठसका आला नाही म्हटल्यावर थेट शाळा गाठली.

योगायोग असा की त्याच आठवड्यात आणखी एक पालक आले. हे वरठीच्या कारखान्यात कामाला, घरात एकही देव न ठेवलेले. त्यांचा मुलगा 'आहे'च्या बाजूनं घरी तयारी करत होता.

मुख्याध्यापिका निंबार्ते मॅडमनी सभा बोलावली. आजी उभी राहिली. "माही नात सोन्यासारखी होती जी. आता म्हणते देवाले दिसत नाही. या मास्तरनं बिघडवलं."

मुलाचे वडील उठले. "आजी, तुमचं तरी बरं आहे. माझा पोरगा काल म्हणे, बाबा, तुम्ही फलाटावर तरी उभे राहा!"

सरांचे डोळे चमकले. "वा! मंग असं करा जी, दोघाईले एकमेकाच्या घरी पाठवून द्या. दोन्ही घरी शांतता राहीन."

कुणी हसलं नाही. सरांनी समजावून सांगितलं की हे पोरांचं मत नव्हे, पोरांना दिलेली बाजू आहे. आजीला ते पटलं नाही. न मानता कुणी एवढं चांगलं कसं बोलेल, असा तिचा मुद्दा होता, आणि मला तो अगदीच चुकीचा वाटला नाही. शेवटी वडीलच म्हणाले, "ते सोडा सर. तुम्ही स्वतः मानता का नाही, तेवढं सांगा. मग आम्ही पाहू."

मॅडमनी सरांकडे आशेनं पाहिलं. दोनपैकी कोणतंही उत्तर चाललं असतं. निदान एक बाजू घरी गेली असती.

सर उठून उभे राहिले. "ते मले सांगता येत नाही जी," ते म्हणाले आणि खाली बसले. मला वाटलं होतं, यात काहीतरी मिश्कील असेल. पण त्यांचा चेहरा फळ्यापुढे उभं केलेल्या आणि उत्तर न येणाऱ्या मुलासारखा झाला होता.

मग देव आहे आणि देव नाही या दोन्ही पक्षांचं गणितावर एकमत झालं. दहावी जवळ आली, तो तास गणिताला द्या.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले नाहीत. निर्णय पक्का झाल्याचं त्यांना कळवायचं होतं, फोन ते उचलत नव्हते. मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही भंडाऱ्यातच राहता ना? तुम्हीच जा. तुम्ही कमी बोलता, वाद होणार नाही."

सरांचं घर विणकरांच्या गल्लीत आहे. मी दाराशी पोचले तर आत भांडण चाललं होतं. एक आवाज चढलेला, एक समजुतीचा. पाहुणे असतील म्हणून मी पायरीवर थांबले. बराच वेळ थांबले. मग लक्षात आलं की दोन्ही आवाज सरांचेच आहेत.

दार ढकलल्यावर ते दचकले नाहीत. "या मॅडम," म्हणाले, आणि खुर्चीवरचा टॉवेल उचलला. कोनाड्यात देव होते, धुतलेले, ताजी फुलं घातलेली. कुंकू मात्र कपाळांवर न लागता नाकांवर, गालांवर लागलेलं.

"बाईचे हायत," सर म्हणाले. "लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून आमचं सुरू होतं. बाई पूजा करे, मी म्हणो, नाही तो. ते म्हणे, हाय. भाजी करपून जाय, पण कोणी मागं नाही हटे. ते वारल्यावर हे देव असेच बसून होते. पाणी कोण घालन? मी घातलं. मंग सवयीनं 'नाही तो' म्हणलं, त समोर कोणीच नाही. घर कसं भयानक चूप. म्हणून तिच्या बाजूनं बी मीच बोलून पाह्यलं."

सरांनी हातातल्या टॉवेलची घडी घातली.

"त्या सभेत काय सांगू मॅडम? नाही मानत म्हणलं, त तिची बाजू उघडी पडते. मानतो म्हणलं, त ते हासन मले."

मी तासाचं सांगितलं. चार शब्दांत सांगून टाकलं.

"गणित," सर म्हणाले. "बरं हाय. लेकरं मोठी होतीन." मग, "तेवढ्या तासालेच कोणी मले उलटून बोले."

बाहेर कुणाचा तरी माग खटखटत होता. मी उठायला हवं होतं, निरोप देऊन झाला होता.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही 'नाही' म्हणा. 'हो' मी म्हणते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून समोर घेतली, घसा साफ केला. "ठीक हाय. धान मस्त उभं हाय. पोटरीत आलं, आता लोंबी निघन. अन रातून तुडतुडा पडला, तिळाएवढा किडा, सारं शेत जळाल्यासारखं. त्या तुडतुड्याले कोणं बनवलं? सांगा."

"त्यानंच," मी म्हटलं. "तुडतुड्यालाही भूक लागते, सर. तो एकट्या शेतकऱ्याचा देव नाही."

"चांगलं हाय," सर म्हणाले. आणि लगेच मान हलवली. "पण हे तुमचं झालं. ते असं नाही म्हणे. तुडतुड्यावर तिचं एक उत्तर होतं. हरखेपेले मले चूप करे त्याच्यानं. एवढंसंच होतं. ते म्हणे..."

ते थांबले. कोनाड्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"ते म्हणे..."

त्यांचे ओठ नुसते हलत होते. मी काही सुचवलं नाही. खुर्चीत नीट बसून राहिले आणि वाट पाहू लागले.