सोवळ्यातला दुरै

"अहो, दूध उतूं जातें!"

गुरुराजांनी पेपर टाकला, चष्मा सावरला आणि स्वयंपाकघरात धाव घेतली. शेगडी थंड होती. दुधाचं पातेलं पालथं घातलेलं होतं. खिडकीशी पिंजऱ्यात दुरै एका पायावर उभा राहून शेंगदाणा सोलत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर या प्रकरणाशी काही संबंध असल्याचं दिसत नव्हतं.

"मेल्या!" गुरुराज म्हणाले. सकाळपासून मेल्याने त्यांना चौथ्यांदा उठवलं होतं.

दुरै म्हणजे तमिळमध्ये साहेब. करड्या रंगाचा, लाल शेपटीचा हा आफ्रिकन पोपट कुंभकोणमच्या दोन घरांनी हौसेने पाळला आणि हात जोडून परत आणून सोडला. लोकांना नकोसे झालेले असे पोपट सांभाळायचे आणि चांगलं घर बघून द्यायचे, हा गुरुराजांच्या बायकोचा, कृष्णवेणीबाईंचा उद्योग. परसातले मोठे पिंजरे सगळे त्यांचेच. दुरैची खोड एकच, ज्या घरात ज्याचा हुकूम चालतो त्याचा आवाज तो उचलतो. या घरात कोणाचा आवाज उचलावा हे त्याला दोन दिवसांत कळलं होतं. शाळेतून निवृत्त होऊन निवांत पेपर वाचू म्हणणाऱ्या गुरुराजांना आता दोन बायका हाका मारत होत्या, आणि त्यातली खरी कोणती हे पळत जाऊन बघितल्याशिवाय समजत नव्हतं.

पण आज सुटका होणार होती. तिरुभुवनम्‌चे रेशीमवाले विजयराघव आणि त्यांच्या पत्नी शिवकामी पोपट बघायला येणार होते. अडचण एवढीच, की कृष्णवेणीबाईंचा नियम होता, 'आधी खोड, मग जोड.' पाखराची खोड सांगितल्याशिवाय त्या पाखरू देत नसत. म्हणून गुरुराजांनी पाहुण्यांना तासभर आधीच बोलावलं, बायकोला पेरू आणायला बाजारात पिटाळलं, पिंजरा आतल्या खोलीत नेला आणि त्यावर जाड चादर टाकली. अंधारात पाखरू गप्प बसतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

"आमच्याकडे दिवसभर मागांची खडखड," शिवकामी बसता बसता तमिळमध्ये म्हणाल्या. "पोपट शांत पाहिजे हो."

"शांत? मुकाच म्हणा ना!" गुरुराजांनीही तमिळमध्ये ठोकून दिलं. "आमच्या कानांवर त्याचा शब्द पडलेला नाही."

तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "अहो, कोण आलें तें?"



"अम्मा घरातच आहेत वाटतं," शिवकामी खुलल्या. "बोलवा ना बाहेर."

"ती मडीत आहे, सोवळ्यात," गुरुराज म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही. "पूजा व्हायची आहे. कोणी शिवायचं नाही."

"काफी दिली कीं नाहीं?" आतून विचारणा झाली.

"देतों, देतों!" म्हणत गुरुराज काफी करायला पळाले. चादरीखालच्या पोपटाला आपण उत्तर दिलं हे त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा डिकाशन हातावर सांडलं होतं.

ते काफी घेऊन येतात तो शिवकामी आतल्या खोलीच्या दाराशी उभ्या. "अक्का, नमस्कार! तुमची फार कीर्ती ऐकली आहे."

"मेल्यांना दुसरा उद्योग नाहीं!" आतून उत्तर आलं.

"काय म्हणाल्या?" शिवकामींनी विचारलं. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, हीच देवाची कृपा.

"म्हणाली, जेवल्याशिवाय जाऊं नका."

शिवकामींना भरून आलं. त्यांनी डोक्यातला मोगऱ्याचा गजरा काढला, त्यातला अर्धा तोडून, सोवळं मोडू नये म्हणून, हळूच उंबऱ्यावर ठेवला. आणि नेमकं तेव्हाच पुढच्या दारातून पेरूंची पिशवी घेऊन कृष्णवेणीबाई आत आल्या.

"ह्या कोण?" विजयराघवांनी विचारलं.

"माझी... माझी बायको," गुरुराज म्हणाले.

"मग आत कोण आहे?"

 शिवकामींनी पुढे होऊन उंबऱ्यावरचा गजरा उचलून घेतला.

"अहो, तो पोपट आहे! पोपट!" गुरुराजांनी आतून पिंजरा आणला आणि चादर ओढली. "बोल रे दुरै! बोल, दूध उतूं जातें!"

दुरैने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं आणि मौन धरलं.

"मुका आहे म्हणाला होतात," विजयराघव म्हणाले.

"खोटं बोललों! चांगला पोपटपंची करतो हो! वेणी, सांग ना तूं!"

कृष्णवेणीबाईंच्या लक्षात सगळा प्रकार केव्हाच आला होता. नवऱ्याने नियम मोडला याचा त्यांना खरंच राग आला होता. त्या शांतपणे खुर्चीवर टेकल्या. "मला काय विचारतां? मी तर आत्ता आलें. आधी खोड, मग जोड. कोणाची खोड आहे ती तुम्हीच सांगा."

तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या माणसावर पोपटापुढे हात जोडायची वेळ आली. "दुरै, राजा, माझी अब्रू राख रे!" दुरैने पिसं साफ करायला घेतली.

शेवटी बाईंनाच दया आली. "पुरे झालें. अहो, पेरू चिरा!"

त्यासरशी पिंजऱ्यातून हुबेहूब गुरुराजांच्या पडेल आवाजात उत्तर आलं, "आलों, वेणी, आलों! ओरडूं नको."

शिवकामी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "मला हाच पाहिजे!"

"मुळीच नको!" विजयराघव घाईने उठले. "घरात हाकेला धावणारा मी एक आहे तेवढा पुरे."

जाताना शिवकामींनी तो गजरा कृष्णवेणीबाईंच्या केसांत माळला, आणि पाहुणे रिकाम्या हातांनी बस पकडायला गेले.

गुरुराज खाली मान घालून बसले. बाईंनी दूध तापत ठेवलं, दोघांची काफी आणली आणि रागावायला तोंड उघडलं. पण त्यांच्याआधीच पिंजऱ्यातून त्यांचाच आवाज आला, "लाज नाहीं वाटत?"

"चुकलें, वेणी, चुकलें," पिंजऱ्यातूनच गुरुराज म्हणाले.

बाईंना हसू आवरेना. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, दोघांचा संसार दुरै एकटाच करत होता. कितीतरी दिवसांनी गुरुराजांनी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि बाईंनी निवांत काफी घेतली.

"अहो, दूध उतूं जातें!" दुरै ओरडला.

"आलों, आलों!" दुरैनेच सांगितलं.

दोघंही स्वस्थ बसून राहिली. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला, तेव्हा दोघांनीही पोपटाकडेच पाहिलं.