शंभर व्होल्टचा जपानी

गावाच्या विजेला नवा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे नवी डीपी, मिळावी म्हणून स्थापन झालेल्या कृती समितीचे अध्यक्ष सुकदेव नाना यांना आता नवी डीपी नको होती. ही गोष्ट समितीला अजून ठाऊक नव्हती.

एरंडोल तालुक्यातल्या त्या गावात संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले, की ट्यूबलाइट पेटायची नाही आणि मिक्सर जागच्या जागी कण्हायचा. नानांच्या पत्नी पुष्पाबाई वर्षानुवर्षं चटणी पाट्यावर वाटत होत्या. नाना अध्यक्ष झाले ते त्यांच्याच धाकाने.

मग नानांनी धुळ्याच्या भंगारवाल्याकडून एक जुना जपानी ॲम्प्लिफायर आणला. तोंड चांदीचं, वजन गव्हाच्या गोणीचं. त्याच्या देशात वीज शंभर व्होल्टची. आपल्या दोनशे तीसवर त्याने दुपारीच फ्यूज उडवला. वीज शंभरावर उतरवणारा कन्व्हर्टर लावला तर गाण्यात भुंगा शिरल्यासारखं घूं व्हायचं. पण संध्याकाळी पंप सुरू झाले, गावाची वीज शंभरावर आली आणि जपान्याला घरी पोचल्यासारखं वाटलं. नानांनी कॅसेट लावली. पेटीवाल्याने सूर धरण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. नाना उठले आणि हळूच दार लावून आले.

त्याच आठवड्यात डीपी मंजूर होऊन आली.

"धोंड्याच्या महिन्यात?" नाना लाईनमन भिकनला म्हणाले. "अरे, अधिकात नवं काम करतात का?"

"नाना, डीपीचं लगीन थोडंच लावायचं शे!"

पण नारळ फोडायला आलेलेच मागे सरले. डीपी पाराशेजारी झाकून ठेवली गेली. दुसऱ्या दिवशी तिला कोणीतरी हळदकुंकूही वाहिलं.

पुष्पाबाईंना कळायचं ते कळलंच. "मी आठे पाटा घसी राहिनू, आणि तुमले धोंडा सुचना?"

संध्याकाळी ट्यूब विझताच नानांनी दोघांच्या लग्नाची कॅसेट लावली. मंगलाष्टकांच्या मागे एरवी नुसती खरखर असायची. आज तिथे एक बाई शेजारणीला सांगत होती, "पोऱ्या जरासा बावळा शे, पण नोकरी पक्की शे."

पुष्पाबाई पाटा सोडून जपान्यापाशी आल्या. "मनी माय!"

आई जाऊन खूप वर्षं झाली होती. तिचा आवाज दुसरा कुठेच उरला नव्हता.

"परत लावा."

"मला बावळा म्हणतायत त्या."

"खरं तेच बोलनी ती. परत लावा."

धोंडा संपला. भिकन शिडी घेऊन आला, तर दारात पुष्पाबाई. "भिकनभाऊ, गावले नवी डीपी द्या. आमनी तार जुनीवरच राहू द्या."

"राहू देतो, अक्का. पण बठ्ठं गाव नवीवर गेलं, की जुनीवर तुम्ही एकलाच. तुमले तर फुल्ल व्होल्टेज!"

पुष्पाबाईंनी गर्दीवर नजर फिरवली. मागे रतिलाल उभा होता. तो तारेवर आकडा टाकून फुकटात पंप चालवतो हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणी बोलत नव्हतं.

"रतिलालभाऊ," पुष्पाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तुमना आकडा जुनीवरच राहू द्या. आखो एखादी मोटर व्हई, तर तीबी टाका."

भिकन आकाशातली घार बघू लागला. रतिलालचा चेहरा उतरला. "वहिनी, चुकलं माझं. आजच काढतो," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बोलल्याप्रमाणे वागला.

त्या संध्याकाळी नानांच्या घरी ट्यूब लख्ख पेटली. कन्व्हर्टरवर लग्नाची कॅसेट लावून पाहिली; आईच्या आवाजाच्या जागी भुंगा तेवढा ऐकू आला. पुष्पाबाई उठल्या, मिक्सर सुरू केला आणि तो गरगर फिरताना पाहून डोळ्यांना पदर लावला.

शेजारच्या लताबाई दारातून म्हणाल्या, "रडा, अक्का. आनंद झाया का कोनलेबी रडू येस."